हिवाळ्यात कोकणच्या खाडीत कयाकवरून गरवताना: आधी वारा, मग पाणी, मग मासा

प्रश्न थोडक्यात असा: पवना धरणाच्या पाण्यात कयाक चालवायची सवय आहे. आता डिसेंबर-जानेवारीत देवगड, विजयदुर्ग, मालवण या भागात कयाकवरून गरवायचं, म्हणजे गळाने मासे पकडायचं, मनात आहे. हिवाळ्यात तिथलं पाणी तलावासारखं असतं, असं मित्र सांगतात. कुठे उतरावं, कोणत्या वेळी जावं, काय सामान न्यावं, कोणता मासा लागेल? सोबत मिळाली नाही, तर एकट्याने गेलं तर चालेल का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. एकट्याने जाऊ नका. निदान पहिला हंगाम तरी दुसरी कयाक सोबत हवीच, आणि तिच्यावरचा माणूस पोहणारा हवा.

मित्र म्हणतात ते खोटं नाही. पण ते सकाळपुरतं आणि किनाऱ्याजवळच्या पाण्यापुरतं खरं आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, रात्री जमीन झपाट्याने गार होते, आणि समुद्राचं पाणी मात्र 27-28 अंशांवर टिकून राहतं. मग गार, जड हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागते. हाच मतलई वारा. सह्याद्रीकडून उतरलेली ही हवा खाडीच्या दरीतून येताना आणखी जोर धरते. पहाटे चारपासून नऊपर्यंत तो चांगला वाहतो, दहा-अकराच्या सुमारास पडतो, थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो.

आता पुळणीवर उभे राहून बघा. मतलई वारा तुमच्या पाठीकडून येतो. किनाऱ्यापाशी लाट उठवायला त्याला अंतरच मिळालेलं नसतं, म्हणून समोरचं पाणी सपाट दिसतं. पुढे जावं तसं ते अंतर वाढतं आणि लाटही वाढते. किनाऱ्यावरून तुम्हाला फक्त लाटेची पाठ दिसते, तिचा फुटणारा तुरा दिसत नाही. त्यामुळे अर्धा किलोमीटर बाहेर काय चाललंय, याचा अंदाजच येत नाही. शिवाय जाताना वारा ढकलत असतो, वल्हं हलकं लागतं, आपण आज छान वल्हवतोय असं वाटतं. खरा हिशोब परत वळल्यावर कळतो. म्हणून माझं ठाम मत आहे की हिवाळ्यातला कोकणचा सगळ्यात मोठा धोका तो शांत दिसणारा सकाळचा समुद्रच आहे. दुपारचा खवळलेला समुद्र तुम्हाला उतरूच देत नाही, सकाळचा बोलावून घेतो.

वाऱ्यात ओहोटी मिळाली की गणित आणखी बिघडतं. सामान लादलेली साडेतीन मीटरची कयाक सरावाचा माणूस तासभर न थकता ताशी चार-साडेचार किलोमीटर वेगाने वल्हवू शकतो. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या ओहोटीत खाडीच्या अरुंद मुखातून पाणी ताशी तीन-साडेतीन किलोमीटर वेगाने सहज बाहेर पडतं. त्यावर मतलई वारा तोंडावर. म्हणजे तुम्ही पूर्ण ताकद लावूनही जेमतेम जागेवर राहता, आणि हात दुखायला लागले की बाहेर जाऊ लागता.

त्यामुळे तारीख ठरवताना सुट्टी बघण्याआधी तिथी बघा. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वा अकरा. एकादशीला सव्वा आठ. पंचमीला पावणेचार. ही वेळ पहाटेचीही आणि दुपारचीही, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. दक्षिण कोकणात तो बऱ्यापैकी बसतो, मुंबईकडे भरती याहून थोडी उशिरा लागते, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी वेळ पुढे सरकते. हा अंदाज झाला. निघायच्या आधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात त्या दिवसाची वेळ बघायचीच.

आता हा हिशोब वाऱ्यावर बसवून बघा. द्वितीया ते पंचमी या दिवसांत भरती मध्यरात्रीनंतर दीड ते पावणेचारच्या दरम्यान भरते, आणि मग सकाळी आठ ते दहापर्यंत पाणी उतरत राहतं. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो आणि मग हळूहळू उतरतो. म्हणजे याच दिवसांत, उजाडताना, जोरदार ओहोटी आणि मतलई वारा दोन्ही एकाच दिशेने, समुद्राकडे. या सकाळी मुखाजवळ कयाक घालू नका. हौशी माणसाने या तिथी सोडूनच द्याव्यात, असं मी सांगतो.

तुमच्यासाठी चांगल्या तिथी म्हणजे एकादशी ते चतुर्दशी. सात-सव्वासातला उजाडतं, तेव्हा भरतीचं पाणी अजून आत येत असतं. त्याच्यासोबत खाडीत वर जायचं. वारा समोरून येईल, भरती आणि वारा आमनेसामने असल्याने पाण्यावर थोडी खळबळ दिसेल, पण प्रवाह तुम्हाला घराकडेच ठेवतो. तिथीप्रमाणे सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान पाणी भरून थांबतं, मग ओहोटीबरोबर सावकाश खाली उतरत गरवायचं आणि साडेअकराच्या आत जमिनीवर. पौर्णिमा-अमावास्येची सकाळही वाईट नाही, कारण अकरापर्यंत भरतीच असते. मात्र त्या दिवशी दुपारी मुखापाशी थांबू नका. बाहेर पडणारं उधाणाचं पाणी आणि आत येणारा वायव्येचा वारा यांची तिथे टक्कर होते, लाटा उभ्या आणि आखूड उठतात, त्यात कयाक सावरणं अवघड. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी, सकाळभर ओहोटी असली तरी तिला जोर नसतो आणि पाणी नितळ राहतं. खाडीच्या आतच राहणार असाल तर शिकायला ते दिवस उत्तम.

उतरायची जागा निवडताना एक गोष्ट फार कमी लोक बघतात: तुमच्या जागेच्या खाली, म्हणजे समुद्राच्या बाजूला, दुसरी उतरायची जागा आहे का? परतताना वारा आणि ओहोटी दोन्ही मुखाकडे नेतात. धक्का हुकला तर पुढे वाळू किंवा उथळ काठ हवा. पुढे थेट खडप आणि मुख असेल, तर ती जागा सोडा.

आडोशाबद्दलही गैरसमज असतो. कोकणातली जुनी बंदरं पावसाळी, नैर्ऋत्येच्या माऱ्यापासून वाचायला सोयीची. जयगड आणि विजयदुर्ग हे दोन्ही किल्ले आपापल्या खाडीच्या मुखाच्या दक्षिण अंगाला आहेत, त्यांचा आडोसा त्या बाजूने मिळतो. हिवाळ्यात मात्र लाट वायव्येकडून येते. दुपारचा खारा वारा तिकडचाच, आणि अरबस्तानाच्या बाजूला शमाल, म्हणजे वायव्येचे जोरदार वारे वाहिले की तिथे उठलेली लाट अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर पोहोचते. इथे वारा पडलेला असताना लाट आलेली दिसते ती अनेकदा याच कारणाने. तेव्हा एखादं बंदर पावसाळ्यात सुरक्षित म्हणून नावाजलेलं आहे, एवढ्यावर हिवाळ्यात भरवसा ठेवू नका. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी बघा. त्यात लाटेची उंचीच नाही, दिशाही बघा.

कुठे जावं? विजयदुर्गला बाहेरच्या पाण्याचा मोह सोडून वाघोटण खाडीत आत जा. खडकाळ काठ, खोल वळणं आणि कांदळवन हे तिन्ही थोड्या अंतरात मिळतात. देवगडचं बंदर चांगलं बंदिस्त आहे, पण ते मच्छीमारांचं कामाचं बंदर आहे. पहाटे ट्रॉलर ये-जा करतात, त्यांच्या वाटेत सापडू नका. आचरा आणि कालावल खाडी नवशिक्यांना मी आवर्जून सुचवतो: पाणी रुंद, काठ मऊ, गावं जवळ. कर्ली खाडी तारकर्लीच्या वरच्या अंगाला सुंदर आहे, पण खाली देवबागच्या मुखाशी वाळूचे दांडे दर वर्षी जागा बदलतात, आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यात तिथे पर्यटकांच्या वेगवान बोटींची इतकी गर्दी असते की पाण्याला लागून बसलेला माणूस त्यांना दिसतही नाही. कयाकवर उंच काठीला भगवं किंवा पिवळं निशाण लावा. मालवणला सागरी अभयारण्य आहे, 1987 साली घोषित झालेलं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पद्मगड परिसरात त्याचा गाभा आहे, तिथे गरी टाकायची नाही. हद्द कुठून कुठे, ते वनविभागाकडून समजून घ्या.

उत्तरेकडे गेलात तर वाशिष्ठी खाडीत मगरी आहेत, हे विसरू नका. थंडीत त्या ऊन खायला चिखलाच्या काठावर पडून असतात, म्हणजे याच मोसमात त्या सर्वांत जास्त दिसतात. गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यातही तेच. बघायला दुरून चांगल्या. अशा पाण्यात पाय बाहेर सोडून बसायचं नाही आणि पकडलेला मासा दोरीला ओवून पाण्यात लोंबकळत ठेवायचा नाही.

माशांकडे येतो. पावसाळ्याचा गढूळपणा नोव्हेंबरपर्यंत बसतो आणि हिवाळ्यात पाणी नितळ होतं. मासा लांबून बघतो. जाड दोर, मोठी सावली, कयाकच्या अंगावर आपटलेलं वल्हं हे सगळं त्याला कळतं. त्यात जिताडा उबेचा भोक्ता. गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तोच हा. पाणी 24-25 अंशांच्या खाली आलं की तो सुस्तावतो, आणि जानेवारीत पहाटे खाडीचं उथळ पाणी तिथवर जातं. म्हणून अंधारात उठून उजाडताच फेकायची घाई जिताड्यासाठी करू नका. साडेआठ-नऊनंतर, उन्हाने तापलेल्या चिखलाच्या काठावर भरतीचं पाणी चढतं आणि त्याच्या कडेने बोई माशांची पिल्लं फिरतात, तिथे तो येतो. काळ्या खडकाची जी बाजू पूर्वेकडे तोंड करून आहे, तीही लवकर तापते. आमिष खोल न्या आणि तुम्हाला संथ वाटेल त्याहून निम्म्या वेगाने ओढा. थंडीत तो पाठलाग करत नाही, तोंडापुढून गेलं तर घेतो.

तांबोशी खडकाच्या कपारीत, पुलाच्या खांबांशी, कांदळवनाच्या मुळांत असते. तिला वेळेपेक्षा जागा महत्त्वाची. ती आमिष घेते आणि त्याच क्षणी घरात शिरते. खडकावरच्या कालवांच्या धारेला दोर लागला की संपलं. कयाकवर असण्याचा इथे तोटा असा की मासाच तुम्हाला खडकाकडे ओढतो. म्हणून अशा जागी दोघांनी मिळून काम करावं, किंवा मासा लागताच एका हाताने वल्हं मारून कयाक बाहेर काढण्याचा सराव करावा. गोबराही याच घरचा. रेतीच्या तळावर कोळंबी लावून मुडदुशी भरपूर मिळते, आणि काहीच लागत नाही अशा सकाळी तिच्याइतकी चवदार सोय दुसरी नाही. मुखाच्या आतल्या खोल धारेत आमिष 25-30 मीटर मागे सोडून सावकाश वल्हवत राहिलं तर कोकर लागतो. कयाकवरून करायचा हा सगळ्यात सोपा प्रकार, सुरुवात यानेच करा.

सामान थोडंच लागतं. सात फुटांची मध्यम ताकदीची काठी, 3000-4000 मापाचं रीळ, 20-30 पौंडांचा विणलेला दोर, पुढे मीटरभर 30-40 पौंडांचा फ्लुरोकार्बन, म्हणजे पाण्यात कमी दिसणारा दोर. तांबोशीच्या जागी हा पुढचा दोर 50 पौंडांचा. नऊ ते बारा सेंटिमीटरचे एक-दोन नकली मासे, आणि 10 ते 20 ग्रॅम वजनाच्या गळावरचे रबरी मासे. तीन तोंडी गळ काढून एकेरी लावा आणि त्यांचा उलटा दात पकडीने दाबून टाका. मांडीवर तडफडणारा मासा आणि तीन तोंडी गळ ही जोडी कयाकवर फार वाईट जखमा करते.

जास्त पैसे लाइफ जॅकेटवर घाला, आणि ते अंगावर ठेवा. मागे बांधून ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. जॅकेटलाच शिट्टी आणि पाण्यात भिजणार नाही अशा पिशवीत फोन, कारण कयाक हातातून सुटली तर जे अंगावर आहे तेवढंच तुमचं. वल्ह्याला दोरी बांधा. भारतीय तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये आणि दोघांच्याही घरच्यांकडे असू द्या. नांगर टाकायचा तर नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, किंवा मागच्या टोकावरून. बाजूने बांधलेल्या नांगरावर प्रवाह चढला की कयाक आडवी होते आणि उलटते. नांगराची दोरी एका झटक्यात सोडता येईल अशी बांधा, आणि हाताशी सुरी ठेवा. मुखाजवळच्या ओहोटीत नांगर मुळीच नको.

पवनेत तुम्ही वल्हवायला शिकलात, पण कयाकवर परत चढायला शिकलात का? कोकणात येण्याआधी तिथेच, काठाजवळ, पूर्ण कपड्यांत मुद्दाम उलटून बघा. कयाक सरळ करायची, मध्यावर पोट टेकवून पाय मारत चढायचं, वळून बसायचं. दमलेले असताना आणि सोबत्याच्या मदतीशिवाय हे जमेपर्यंत खाडीत येऊ नका. कोकणचं पाणी गारठवून मारणारं नाही, पण भिजलेला माणूस पहाटेच्या मतलईत तासभर बसला तर कुडकुडतो, बोटं काम करत नाहीत आणि साधी गाठ सुटत नाही. वारा अडवणारं पातळ जाकीट आणि एक कोरडा शर्ट सोबत ठेवा. जे मराठी वाचक ब्रिटन, आयर्लंड किंवा अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर हा छंद करतात, त्यांनी माझे कपड्यांबद्दलचे शब्द तिथे लावू नयेत. 8-10 अंशांच्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासच आवरत नाही आणि दहा-पंधरा मिनिटांत हात निकामी होऊ लागतात. तिथे हवेचं नव्हे, पाण्याचं तापमान बघून ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा पोशाख, घालावा लागतो.

थर्मासमध्ये चहाऐवजी नुसतं गरम पाणी न्या. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवल्याने वेदना बरीच उतरते. पाणी किती गरम आहे ते न दुखावलेल्या हाताने आधी तपासा, आणि नंतर दवाखान्यात जाच. उथळ चिखलात उतरताना पाय घासत पुढे सरकवा, उचलून टाकू नका. पाकट दबकून बसलेलं असतं, धक्का लागला की निघून जातं. तळ मजबूत असलेली पादत्राणं हवीतच, कालवांनी कापलेला तळवा लवकर भरत नाही.

खाडी आपल्या आधी तिथल्या लोकांची आहे. जाळ्यांच्या तरंगत्या बोयांपासून दूर राहा, जाळ्याच्या खुंटाला कयाक बांधू नका, आणि किनाऱ्यावर रापण, म्हणजे अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, लागलेली दिसली तर तिच्या वेढ्याच्या बाहेरून लांब वळसा घाला. त्या ओढण्यात अनेक घरांचा दिवस असतो. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन एखाद्या जाणत्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारा, "काका, उद्या सकाळी वारो कसो आसतलो?" तुम्ही मासा कुठे मिळेल हे विचारलंत तर कदाचित उत्तर मिळणार नाही, वाऱ्याबद्दल विचारलंत तर बसवून सांगतील. तुम्ही कुठे उतरणार आणि किती वाजता परतणार हे त्यांना आणि जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात सांगून ठेवा. ओळखपत्र जवळ असू द्या.

राहिला मोठ्या माशाचा प्रश्न. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सात-आठ किलोचा जो जिताडा फोटोसाठी सगळ्यांना हवा असतो, ती बहुतेक वेळा अंड्यांची मादी असते, आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी तिच्यावरच पुढची पिढी अवलंबून असते. गोबऱ्याचं उलट, आधी मादी आणि मोठेपणी नर, पण मोठा मासा गमावण्याचं नुकसान तिथेही तेच. माझी विनंती आहे, दोन-तीन किलोचा एखादा घरी न्या आणि मोठा सोडा. सोडायचा असेल तर त्याला तापलेल्या कयाकवर टाकू नका. हात ओले करा, पोटाखाली आधार द्या, जबड्याला धरून उभा लोंबकळवू नका, गळ पाण्यातच काढा. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतः शेपटी मारेपर्यंत. आणि हे करत असताना दर अर्ध्या मिनिटाला मान वर करून काठावरची एखादी खूण बघा, कारण तेवढ्या वेळात कयाक मुखाकडे वाहत असते.